ताराबाई मोडक : अध्यापन मंदिरापासून अंगणापर्यंत

‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारताच्या बहुतेक सर्व भाषांत रुळला आहे. मल्याळमात त्याचे ‘अंकणवाडी’ असे रूप झाले, हिंदीत तो ‘आंगनवाडी’ असा लिहिला जातो, आणि ज्या भाषांत ‘अंगण’ वा ‘वाडी’ हे शब्द स्वतंत्रपणे परिचित नाहीत तेथेही हा जोडशब्द खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या तोंडी आहे. शासनाच्या योजनेबरोबर तो देशभर गेला, त्यामुळे तो एखाद्या कचेरीत घडविला गेला असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्याचे मूळ मराठी व गुजराती या दोन भाषा जेथे एकमेकींना भेटतात त्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, बोर्डी आणि कोसबाड येथील एका प्रयोगात सापडते. गुजरातीत वाडी म्हणजे बाग. मराठीत वाडी ही बागही असते आणि चार घरांची वस्तीही. या दोन्ही अर्थांची सांगड ज्या कार्यात पडली त्या कार्याच्या प्रवर्तक ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा उल्लेख सामान्यतः भारतातील बालशिक्षणाच्या आद्य पुरस्कर्त्यांत केला जातो, आणि तो यथार्थच आहे. तथापि त्यांच्या आयुष्याकडे थोडे निरखून पाहिले असता असे दिसते की, बालकाइतकाच दुसरा एक प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. बालकाला शिकविणारी व्यक्ती कोण असावी, ती कोठून आणावी आणि तिला कोणत्या रीतीने घडवावे, हा तो प्रश्न होय. राजकोट, भावनगर, दादर, बोर्डी व कोसबाड ही त्यांच्या कार्याची पाच ठिकाणे. या प्रत्येक ठिकाणी त्यांनी शिक्षक घडविण्याचे काम केले किंवा पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी या प्रश्नाचे आधीचे उत्तर त्यांना अपुरे वाटले. त्यांच्या चरित्राची संगती या बदलत गेलेल्या उत्तरांत आहे.

१

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाच्या कार्याशी निगडित होते. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने पश्चिम भारतातील काही मोजक्या कुटुंबांत जे वातावरण निर्माण केले, त्यात मुलींचे शिक्षण ही अपवादाची गोष्ट राहिली नव्हती. तरीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रियांची संख्या अत्यल्प होती. १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या ताराबाई त्यांपैकी एक. त्यांचा विवाह अमरावती येथील वकील मोडक यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी, हाती विद्यापीठाची पदवी आणि समोर स्वतःचा निर्वाह, अशा स्थितीत त्यांनी काठेवाडातील राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची जबाबदारी स्वीकारली.

त्या काळचे स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज ही एक विशिष्ट वळणाची संस्था होती. प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणे हा तिचा हेतू. इयत्तांची विभागणी, प्रत्येक विषयाच्या पाठाचे ठरलेले टप्पे, तपासनिसापुढे द्यावयाचा आदर्श पाठ, फळ्यावरील वळणदार अक्षर आणि वर्गातील शांतता, ही त्या शिक्षणाची अंगे होत. त्यातून अनेक विधवांना व परित्यक्तांना मानाने जगण्याचे साधन मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र शाळेत दाखल होण्यापूर्वीचे मूल या व्यवस्थेच्या दृष्टिपथात नव्हते. अडीच-तीन वर्षांचे मूल काय करते, त्याला काय हवे असते, याचा विचार करण्याचे कारण ट्रेनिंग कॉलेजला पडत नसे. ताराबाईंच्या घरात मात्र नेमके त्याच वयाचे मूल होते. तिच्या शिक्षणाचा विचार करीत असतानाच त्यांचे लक्ष राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरकडे वळले.

२

भावनगर येथे १९१० मध्ये नृसिंहप्रसाद उर्फ नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था स्थापन केली होती. वकिली सोडून या संस्थेत आलेले गिरिजाशंकर उर्फ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. इटालियन विदुषी मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत उघडलेल्या बालगृहाची कीर्ती तोवर ग्रंथांच्या द्वारे भारतात आली होती. गिजुभाईंनी ते ग्रंथ वाचले, आणि त्यांतील तत्त्वे काठेवाडी मुलांवर लादण्याऐवजी त्या मुलांच्या सहवासात पारखून घेतली. पुढे गुजरातेने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, हे प्रेमाचे नाव दिले.

१९२३ च्या सुमारास ताराबाई राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. सरकारमान्य संस्थेचे प्रमुखपद आणि त्याचे स्थैर्य यांचा त्याग करून एका प्रयोगशील बालमंदिरात साहाय्यक म्हणून काम पत्करणे, हा निर्णय त्या काळच्या एकाकी स्त्रीच्या दृष्टीने धाडसाचा होता. सुमारे नऊ वर्षे त्या तेथे राहिल्या. या काळात त्यांनी गुजराती भाषा आत्मसात केली, आणि त्या भाषेत त्या लिहूही लागल्या. गिजुभाई व ताराबाई यांनी मिळून चालविलेले ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक, १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ आणि बालशिक्षकांसाठीचे अध्यापन मंदिर, ही या सहकार्याची मुख्य फळे होत.

अध्यापन मंदिराचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात उमेदवार आधी पद्धती शिके आणि नंतर मुलांपुढे उभी राही. भावनगरात हा क्रम उलटला होता. येथे उमेदवाराने प्रथम बालमंदिराच्या एका कडेला बसून मुलांकडे पाहावयाचे. कोणते मूल कोणते साधन उचलते, किती वेळ त्यात रमते, केव्हा सोडून देते, कोणाशी भांडते, कोणाची मदत घेते, याची नोंद ठेवावयाची. शिकविण्याची घाई आवरणे हा शिक्षकाचा पहिला अभ्यास होता. मारणे, बक्षीस देणे, भीती घालणे ही तिन्ही साधने वर्ज्य असल्यामुळे उमेदवाराला स्वतःच्या बालपणापासून अंगी मुरलेले बरेच काही विसरावे लागे. ताराबाईंच्या विचारात निरीक्षणाला जे अग्रस्थान मिळाले, ते येथेच.

भावनगरचे बालमंदिर माँटेसोरीचे अनुयायी असले तरी अनुकरण करणारे नव्हते. माँटेसोरी यांना लहान मुलांच्या शिक्षणात अद्भुत कथांचे स्थान मान्य नव्हते. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिराचा प्राण मानले. लोककथा, बालगीते, नाट्य, माती व रंग यांना तेथे साधनांच्या बरोबरीने जागा होती. सौराष्ट्रातील लोकसाहित्य त्यामुळे प्रथमच शिशुवर्गाच्या शिक्षणात शिरले. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी या गोष्टीची विशेष दखल घ्यावयास हवी. आधुनिक गुजराती बालसाहित्याचा मोठा भाग अध्यापनाच्या गरजेतून जन्माला आला आहे, आणि त्याच ओघातून तो पुढे हिंदीत व मराठीत उतरला. ‘शिक्षणपत्रिके’ची हिंदी आवृत्ती काशिनाथ त्रिवेदी यांनी चालविली, मराठी आवृत्ती १९३३ मध्ये ताराबाईंनी सुरू केली. एकच नियतकालिक तीन भाषांत चालावे, आणि त्याचे वाचक पंडित नसून आईबाप व शिक्षक असावेत, ही गोष्ट त्या काळच्या नियतकालिकांच्या इतिहासात सहसा आढळत नाही.

३

१९३२ मध्ये ताराबाईंनी भावनगर सोडले. मराठी भाषिक प्रदेशात बालशिक्षणाचे काम उभे करावे हा त्यांचा हेतू होता. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिर आणि बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर ही तिची दोन अंगे. मुंबईतील सुशिक्षित मध्यमवर्ग त्या काळात दादर परिसरात स्थिरावला होता. नोकरदार, चाळीत किंवा नव्या इमारतीत राहणाऱ्या या वर्गाला मुलांच्या शिक्षणाविषयी आस्था होती, वाचनाची सवय होती, आणि ‘शिक्षणपत्रिके’सारख्या मासिकाचा वर्गणीदार होण्याइतकी ऐपतही होती. शिशुविहाराला त्यांचा प्रतिसाद मिळाला. येथे तयार झालेल्या शिक्षिका मुंबईतील व बाहेरच्या बालमंदिरांत गेल्या. ताराबाईंनी याच काळात व पुढेही आईबापांसाठी सोप्या भाषेत विपुल लेखन केले. मुलांचा हट्ट, शिस्त, खाणेपिणे, भीती, खोटे बोलणे, असे नित्याचे विषय त्यांनी हाताळले. ‘बिचारी बालके’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांची भूमिका व्यक्त झाली आहे.

१९३९ हे वर्ष या चळवळीच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या जूनमध्ये गिजुभाईंचे निधन झाले, आणि त्याच वर्षी मारिया माँटेसोरी भारतात आल्या. मद्रासजवळील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या आश्रयाने त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेकडो शिक्षकांना त्यांच्या हाताखाली शिकण्याची संधी मिळाली. तथापि या वर्गांबरोबरच प्रमाणपत्राची प्रतिष्ठाही वाढली. ठराविक मापाची, ठराविक लाकडाची, ठराविक क्रमाने मांडावयाची साधने आणि ती वापरण्याचा अधिकार देणारा दाखला, हे माँटेसोरी पद्धतीचे दृश्य रूप बनू लागले. श्रीमंतांच्या वस्तीतील शाळांना ते परवडणारे होते. रोमच्या गरीब मुलांसाठी निघालेली पद्धती भारतात संपन्न कुटुंबांच्या अंगणात बंदिस्त होते की काय, अशी शंका येण्याजोगी ही परिस्थिती होती.

ताराबाईंच्या मनात ही शंका दादर येथेच बळावली. शिशुविहार यशस्वी होते, पण त्या यशाची कक्षा त्यांना स्पष्ट दिसत होती. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती. त्यांच्या आया दिवसभर मजुरीला जात. त्या मुलांपर्यंत दादरच्या अध्यापन मंदिरातील पदविकाधारक शिक्षिका जाणार नव्हती, आणि गेली तरी तिला पगार देणारे कोणी नव्हते. बालशिक्षण हे सर्व बालकांचे असावयाचे तर त्याची साधने, त्याची जागा आणि त्याची शिक्षिका या तिन्ही गोष्टी नव्याने शोधणे भाग होते.

४

हा शोध घेण्यासाठी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी आल्या. (डहाणू तालुक्यातील हे गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते.) समुद्रकाठी वाड्या, बागाईत व कोळ्यांची वस्ती, आणि आत डोंगराकडे वारली व अन्य आदिवासींचे पाडे, अशी या भागाची रचना. जमीनदार व जंगल-ठेकेदार यांच्याकडे वेठीने राबणाऱ्या वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली याच वर्षी याच परिसरात उठाव केला होता. सेवाग्राम येथे गांधीजींच्या नई तालीमची व्याप्ती वाढवून तीत बालपणापासूनच्या शिक्षणाचा समावेश करण्याचा विचार याच वर्षी पुढे आला. कस्तुरबा गांधी यांच्या निधनानंतर स्थापन झालेल्या स्मारक निधीच्या द्वारे ग्रामसेविका तयार करण्याची शिबिरेही याच सुमारास सुरू झाली होती. बोर्डीचा प्रयोग या सर्व घडामोडींच्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा.

बोरिवली येथील अशाच एका शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. बालवयात विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या, आणि ग्रामीण भागात काम करण्याची त्यांची इच्छा होती. दोघींच्या वयांत अठरा वर्षांचे अंतर होते. ताराबाईंची कल्पकता व संघटनाशक्ती आणि अनुताईंचे रोजच्या कामातील सातत्य यांच्या संयोगातून ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. अनुताई ज्या निष्ठेने या कार्यात शेवटपर्यंत राहिल्या, ती पाहता ताराबाईंनी घडविलेली सर्वश्रेष्ठ कार्यकर्ती कोणती, याचे उत्तर शोधावे लागत नाही.

बोर्डीत पहिला धडा बालमंदिराच्या कल्पनेलाच मिळाला. बालमंदिर म्हणजे एक नेटकी इमारत, आणि मुलांनी वेळेवर, स्वच्छ होऊन तेथे यावयाचे, ही शहरातील रीत. येथे मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळत असे, कोणी गुरांमागे गेलेले असे, कोणी आईबरोबर सरपणाला. येण्यासारखी जी मुले होती त्यांना अंगात घालावयास वस्त्र नव्हते. शिवाय गावातील वस्त्या जातीजातींनी विभागलेल्या, आणि एका वस्तीचे मूल दुसऱ्या वस्तीत सहजासहजी जाणार नाही अशी स्थिती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा निष्कर्ष यातून निघाला. मध्यवर्ती बालवाडीबरोबरच वस्तीतील एखाद्या झोपडीपुढचे अंगण हीच शाळा ठरली. सारवलेली जमीन, वर झाडाची सावली किंवा गवताचा मांडव, आणि भोवती आपल्या कामात असलेली, पण येताजाता पाहणारी वस्ती. भिंती नसल्यामुळे येथील शिक्षण लपून राहत नसे. मुलाचे तोंड धुणे, केस विंचरणे, नखे काढणे, गाणे म्हणणे, हे सर्व आयांच्या देखत होई, आणि त्यामुळे मुलाबरोबर घरही थोडेथोडे शिके. अंगण-बालवाडी ती हीच.

साधनांच्या बाबतीतही हाच मार्ग अनुसरण्यात आला. महाग मनोरे व ठोकळे यांच्याऐवजी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या, नारळाच्या करवंट्या, माती या वस्तू आल्या. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावणे, जोड्या जुळविणे, हाताने स्पर्श करून ओळखणे, वजनाचा अंदाज घेणे, हे माँटेसोरीप्रणीत सर्व व्यायाम त्यांवर होऊ शकत. तत्त्व कायम ठेवून द्रव्य बदलण्याची ही क्रिया वाटते तितकी सोपी नाही. प्रत्येक साधनामागील हेतू पूर्णपणे कळल्याशिवाय त्याच्या जागी शिंपला ठेवता येत नाही. बोर्डीचा प्रयोग स्वस्ताईचा नव्हता, तो समजुतीचा होता, असे म्हणावे लागते.

आता उरला शिक्षिकेचा प्रश्न. अंगण लहान, मुले थोडी, वस्त्या अनेक. अशा वेळी शहरातून आणलेली एक शिक्षिका किती अंगणांना पुरणार? उत्तर त्या अंगणांतच शोधणे क्रमप्राप्त होते. गावातील, शक्य तर त्याच वस्तीतील, थोडेफार शिकलेली स्त्री निवडावी आणि तिला कामातून शिकवावे, या विचाराने ग्रामीण भागासाठीचे बालशिक्षिकांचे अध्यापन मंदिर बोर्डीत सुरू झाले. दादर येथील अभ्यासक्रमाची ती संक्षिप्त आवृत्ती नव्हती. ग्रामीण बालशिक्षिकेला मुलाला नाहू-माखू घालता आले पाहिजे, खरूज व डोळ्यांचे विकार ओळखता आले पाहिजेत, आईशी बोलता आले पाहिजे, ऋतूप्रमाणे बदलणारी वस्तीची कामे ठाऊक असली पाहिजेत, आणि गोष्ट सांगता आली पाहिजे. यांतील अनेक गोष्टी त्या स्त्रीला आधीच येत असत. तिच्या अंगच्या या ज्ञानाला शिक्षणाचा दर्जा आहे, याची तिला प्रथम जाणीव करून देणे हे प्रशिक्षणाचे महत्त्वाचे काम होते. निरीक्षणाची जी दीक्षा भावनगरात पदवीधरांना मिळत असे, ती येथे जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या स्त्रीलाही देता येते, ही ताराबाईंची श्रद्धा होती, आणि बोर्डीच्या अनुभवाने ती दृढ झाली.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या आगेमागे काही वर्षे ताराबाई मुंबईच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. तेथील कामाचा उपयोग त्यांना शासकीय यंत्रणा जवळून पाहण्यासाठी झाला; त्यांचे मन मात्र बोर्डीतच राहिले.

५

१९५७ मध्ये केंद्राचे कार्य बोर्डीहून काही अंतरावरील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. किनाऱ्यावरील गावापेक्षा हा परिसर आदिवासी पाड्यांना अधिक निकटचा होता. बोर्डीत जे अंगणाने शिकविले ते कोसबाडला अधिक मूलगामी स्वरूपात पुढे आले. मूल बालवाडीत यावे तर त्याच्या कडेवरील तान्ह्या भावंडाचीही सोय हवी, म्हणून पाळणाघर. बालवाडीतील मूल पुढे शाळेत टिकावे, म्हणून तिला जोडून प्राथमिक शाळा. पाळणाघर, बालवाडी व शाळा यांचे एकत्र संकुल असलेल्या या कल्पनेला ‘विकासवाडी’ असे नाव मिळाले. थोरल्या बहिणीने भावंडाला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारी शिकावे, अशी ती योजना होती. मुलीच्या शाळेतील गैरहजेरीचे खरे कारण तिच्या कडेवर असते, हे ज्याने पाहिले नाही त्याला ही योजना सुचली नसती.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुराखी मुलगा कुरण सोडून शाळेत येऊ शकत नाही, कारण त्याच्या राखणीवर घरातील एका माणसाचे पोट अवलंबून असते. तेव्हा शिक्षकाने कुरणावर जावे, गुरे चरत असताना झाडाखाली शिकवावे, आणि पाखरे, झाडे, गवताच्या जाती, पाण्याचे ओहोळ यांनाच पाठाचा विषय करावे. येथे शिक्षकाला आपले अज्ञान कबूल करण्याचेही प्रसंग येत, कारण रानातील झाडाझुडपांविषयी गुराख्याला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असे.

भाषेचा प्रश्नही कोसबाडला तीव्रतेने जाणवला. वारली मुलाची बोली एक आणि पाठ्यपुस्तकाची मराठी दुसरी. पहिल्याच दिवशी पुस्तकी भाषा कानांवर पडली की मूल गप्प होई, आणि त्या गप्पपणाला मंदपणा समजले जाई. बोली जाणणारी शिक्षिका असेल तर हा अडसर आपोआप दूर होतो. म्हणून आदिवासी मुलामुलींमधूनच शिक्षक तयार व्हावेत, ही केवळ काटकसरीची योजना राहिली नाही. ती शिक्षणशास्त्राची गरज ठरली. बालवाडीतील शिक्षिकेला मराठीत ‘ताई’ म्हणण्याचा प्रघात आहे. पाड्यावरील ताई ही मुलाला खरोखरच परकी नसे. ती त्याच्या आईला ओळखत असे, त्याच्या घरचे सण-सूतक जाणत असे, आणि मूल आज का आले नाही हे तिला कोणी सांगावे लागत नसे.

या काळात शासकीय पातळीवरही हालचाल सुरू झाली होती. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने ग्रामीण भागात बालवाड्यांना साहाय्य दिले. पुढील दशकात बालसेविकांच्या प्रशिक्षणाची योजना देशात सुरू झाली. बालशिक्षिकेचे रूपांतर आता ‘बालसेविके’त होऊ लागले. नावातील हा बदल सूचक आहे. शिक्षण हा व्यवसाय आहे, त्याला वेतनश्रेणी असते. सेवा हे व्रत आहे, त्याचे मोल पुण्यात मोजले जाते. ताराबाई स्वतः व्रतस्थ वृत्तीने जगल्या, आणि त्यांच्या पिढीला या दोन शब्दांत विरोध जाणवला नाही. परंतु स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि दुसऱ्याने ठरवून दिलेले अल्पवेतन यांत फार अंतर आहे. पहिले ताराबाईंना शोभले. दुसरे त्यांनी घडविलेल्या कार्यकर्तीच्या वाट्यास कायमचे यावे, असा निष्कर्ष त्यांच्या कार्यातून निघत नाही. मात्र हा धोका त्यांच्या प्रयोगात दडलेला होता, हे आज मान्य करावे लागते. स्थानिक स्त्री कमी शिकलेली असूनही उत्तम शिक्षिका होऊ शकते, या सिद्धान्ताचा अर्थ, तिला कमी शिक्षण व कमी वेतन पुरेसे आहे, असा लावणे व्यवस्थेला सोयीचे होते.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना ‘पद्मभूषण’ हा किताब दिला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कोसबाडच्या कार्याची धुरा अनुताईंनी सांभाळली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले.

६

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा वस्तीतील एकाच ठिकाणी मिळाव्यात, अशी ही कल्पना. त्या ठिकाणाचे नाव अंगणवाडी. तेथे काम करणारी स्थानिक स्त्री ती अंगणवाडी सेविका, आणि तिच्या हाताखाली मदतनीस. पुढील पाच दशकांत अशा केंद्रांची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली. ताराबाईंचे अंगण देशाएवढे झाले.

हे विस्तारलेले अंगण त्यांना ओळखू आले असते काय? जागा, स्थानिक कार्यकर्ती, आरोग्य व शिक्षण यांचा मेळ, या गोष्टी बोर्डीच्याच आहेत. परंतु सहा सेवांमध्ये आहारवाटप व नोंदवह्या यांचा भार इतका वाढला की शाळापूर्व शिक्षण बहुतेक ठिकाणी मागे पडले. शिंपले व बिया यांच्यामागील समजूत प्रशिक्षणाच्या थोड्या दिवसांत पोहोचविणे कठीण झाले. सेविका व मदतनीस यांना मानसेवी कार्यकर्त्या मानून वेतनाऐवजी मानधन देण्याची प्रथा पडली. त्या शासकीय पदाच्या धारक नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला होता. त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला आणि त्यांचे काम पूर्णवेळ स्वरूपाचे आहे याची दखल घेतली. या दोन निर्णयांमधील सोळा वर्षांत हजारो सेविका-मदतनिसांनी ठिकठिकाणी मोर्चे काढले, संप केले. सेविकेच्या जागी पुन्हा कामकरी व शिक्षिका उभी राहू लागल्याची ही चिन्हे होत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा या वयोगटाला शालेय शिक्षणाच्या पायाभूत स्तरात स्थान दिले. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यात सुचविला आहे. जिचे शालेय शिक्षण कमी तिला प्रशिक्षणाचा काळ अधिक मिळावा, हे तत्त्व बोर्डीच्या विचाराशी सुसंगत आहे. प्रश्न त्या काळात काय घडते हा आहे. ते वर्ष तिने केवळ व्याख्याने ऐकण्यात व प्रपत्रे भरण्यास शिकण्यात घालविले, तर राजकोटचे ट्रेनिंग कॉलेज नव्या नावाने परत येईल. मुलांच्या कडेला बसून, शिकविण्याची घाई आवरून, त्यांच्याकडे पाहण्यास तिला अवसर मिळाला, आणि तिला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचे मोल ओळखले गेले, तर ते भावनगर आणि कोसबाड यांचे वर्ष ठरेल.

ताराबाईंनी प्राचार्यपदापासून आरंभ केला आणि झोपडीपुढच्या अंगणात बसणाऱ्या स्त्रीपर्यंत त्या येऊन पोहोचल्या. चरित्रकार सामान्यतः या प्रवासाचे वर्णन त्याग म्हणून करतात. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याला शोध म्हणणे अधिक योग्य होईल. बालकाला कोण शिकवू शकते या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आयुष्यात चार वेळा बदलले, आणि दर वेळी ते अधिक माणसांना सामावून घेणारे झाले. त्या उत्तरातील अखेरच्या स्त्रीला तिच्या कामाचा पुरता दर्जा देणे मात्र त्यांच्या हाती राहिले नव्हते. ते काम त्यांच्यानंतरच्यांचे आहे.